भंगार आणलंस, आता जरा थांब

भंगार अन् सिनेमाची पोस्टरं जोडून कोलाज करायचं म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारातून पोतंभर भंगार उचललंस म्हणतोस. आता महिनाभर काही आणू नको. आधी ते धू, वाळव, गंज पॉलिश पेपरने घास. माझी पहिली तीन कामं फेविकॉलनेच मारली बाप्पा! लाकूड-कागदाला तो ठीक, पत्र्याला धरत नाही. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत पत्रा प्रसरण पावतो, लाकूड आकसतं आणि जोड सुटतो. पत्र्याला स्क्रू किंवा तारच मार. नाहीच जमलं तर दोन नळ्यांचा एपॉक्सी.

सिनेमाच्या पोस्टरचं म्हणशील तर हिरोचा चेहरा अख्खा चिकटवला की ते पोस्टरच राहतं, तुझं होत नाही. कुर्ट श्विटर्स या जर्मन कोलाज-कलाकाराने १९१९ मध्ये बँकेच्या जाहिरातीतला 'कोमेर्त्स' शब्द कापून 'मेर्त्स' तेवढा ठेवला, पुढे आपल्या सगळ्या कामाला तेच नाव दिलं. कापायचं ते असं.

आणि एवढ्या लांब कशाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीला जा. तिथले बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, पाहा: बांबू, कागद अन् लोकांचा वर्षभराचा राग. फोटो नंतर काढ, आधी मागच्या बाजूने सांगाडा कसा बांधलाय ते बघ.