वाड्याच्या मदतनिधीत परदेशातून पैसे घेण्याआधी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गोव्यात बार्देशातल्या तुमच्या चर्चच्या पॅस्टोरल कौन्सिलने (फादरांच्या सल्लागार मंडळाने) साथीच्या काळासाठी योजना लिहायला घेतली आहे. २०२० मध्ये ऑनलाइन मीसच्या (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या) पलीकडे फारसे काही जमले नाही. आता इंग्लंडात स्विंडनला गेलेले वाड्यावरचे लोक ‘खाते नंबर द्या, लगेच पाठवतो’ म्हणताहेत, आणि ते पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे असे तुम्ही विचारले आहे. नेमक्या याच प्रश्नावर आमचा गट आपटला होता, म्हणून लांबलचक लिहितो.

मास्क, हात धुणे, अंतर हे सगळे सोडून देतो. मी वकील नाही, सीए नाही आणि डॉक्टरही नाही. कायद्याचे जे खाली लिहिले आहे ते चर्चच्या फाब्रिकचे, म्हणजे चर्चच्या मालमत्ता-निधीचे, हिशेब बघणाऱ्या सीएला दाखवून मगच पुढे जा. नियम बदलत असतात.

तर पैसे. परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, पैसा कुठल्या चलनात आला हे बघत नाही. देणारा कुठल्या देशाचा नागरिक आहे हे बघतो. गोव्यात सगळा घोळ इथेच होतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज पासपोर्ट काढू शकतात, आणि स्विंडनला गेलेल्यांपैकी पुष्कळांनी तोच काढलेला आहे. आपल्या लेखी तो शेजारचा मुलगा, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, घरी येणारा. कायद्याच्या लेखी तो परदेशी नागरिक. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी फरक पडत नाही. त्याने इथल्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून) रुपयांत दिले, गोव्यात सुट्टीवर असताना इथल्याच मोबाईलवरून यूपीआय केले, तरीही ती परदेशी देणगीच. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या गटाने ती घेणे हा गुन्हा आहे, मग पैसा औषधांसाठी असो की तांदळासाठी.

उलट भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणारा किंवा जहाजावर काम करणारा तारवटी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि ‘मी भारतीय नागरिक आहे, ही रक्कम माझ्या बचतीतली आहे’ अशी सही केलेली दोन ओळींची चिठ्ठी आधी घ्या. पैसे त्यानंतर. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

आमच्या गटाने हे विचारले नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे वाड्यावरून जमलेले पैसे आणि परदेशातून आलेले पैसे एकाच बचत खात्यात घेतले, तेही दोघांच्या वैयक्तिक नावावरच्या. बँकेच्या शाखेने फोनवर ‘काही अडचण नाही, मागवा’ असे सांगितले होते. लेखी काहीच दिले नव्हते. मे २०२१ मध्ये, गोव्यात ऑक्सिजनवाचून माणसे जात होती त्याच दिवसांत, त्याच शाखेने परदेशी जमा रकमेवर बोट ठेवून खाते थांबवले आणि वाड्यावरच्या लोकांनी दिलेले आपले पैसेही त्यात अडकले. औषधवाल्याचे बिल आणि कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राची) अनामत त्याच खात्यातून जायची होती. ‘वरून कळेल’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, आणि प्रत्येक खेपेला खिडकीवर नवा माणूस, नवा कागद. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, चूक आमची होती. पण साथीच्या दिवसांत लोकांना चुकीचे तोंडी सांगून नंतर हात झटकणाऱ्या कार्यालयाबद्दल राग अजून गेलेला नाही. तेव्हा बँकेला जे विचाराल ते ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच मागा.

‘मोठ्या नोंदणीकृत संस्थेला पैसे द्या, ती आपल्याला पुढे देईल’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती वाट बंद झाली. एफसीआरएचा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि तो स्वीकारायचाही तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. नोंदणीकृत संस्थेने स्वतः खरेदी करायची, स्वतः बिल भरायचे आणि तुमच्या वाड्यावर तुम्ही फक्त हातपाय व्हायचे, हे मात्र चालते. तसे करायचे असेल तर साथ नसताना जाऊन बोला, कोणाला काय लागेल याचा नमुना-अर्ज ठरवून ठेवा. साथ आल्यावर तिथला फोन लागत नाही.

आणखी एक सरळ वाट: परदेशी नागरिक असलेल्याने आपल्या सख्ख्या नातलगाला घरखर्चासाठी पाठवावे. नातलगांकडून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत सरकारला न कळवता घेता येतात. जुलै २०२२ पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पण नातलगाच्या खात्यात घेऊन तिथून चर्चच्या निधीत वळवणे म्हणजे पुन्हा तीच भानगड. माझे स्पष्ट मत असे की स्विंडनवाल्यांना नम्रपणे सांगा, निधी इथल्या लोकांचा राहू द्या, तुम्ही आपापल्या आई-वडिलांची, बहीण-भावांची घरे सांभाळा. वाड्यावरची अर्धी घरे तेवढ्याने उभी राहतात आणि निधी उरलेल्यांना पुरतो.

आता ती उरलेली घरे कोणती? रेशनचे सामान वाटताना सगळे झोपडीकडे बघतात. गोव्यात साथीत सगळ्यात गप्प बसतात ती तारवट्यांची घरे. घर मोठे, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) टाइलचा, आणि काँट्रॅक्ट संपल्यापासून पगार शून्य. तसेच बँडवाले, तियात्रातले (कोंकणी नाटकातले) कलाकार, किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करणारी पोरे, टॅक्सीवाले. ती दारात पिशवी घ्यायला येणार नाहीत. त्यांना रांगेत उभे करू नका, फोटो तर मुळीच काढू नका. वीजबिल, औषधांचे महिन्याचे बिल, मुलांची फी यांतले एक परस्पर भरा आणि विषय संपवा. दुसऱ्या टोकाला वाड्यावर भाड्याने राहणारे मजूर, जे आपल्या चर्चचे नाहीत आणि ज्यांचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातले आहे. त्यांना यादीत घ्यायचे की नाही यावर सभेत तास घालवू नका. घ्यायचे.

यादी वाड्याच्या क्रिस्ती समुदायाने, म्हणजे शेजारच्या घरांच्या चर्चमधल्या छोट्या गटाने, करायची. एका माणसाकडे दहा-बारा घरे, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येक घरापुढे पाच गोष्टी: कोण एकटे राहते, रोजची औषधे कुठली, फोन साधा की स्मार्ट, रात्री दार उघडणारा शेजारी कोण, परदेशातल्या मुलाचा नंबर. वहीवर लिहा. ही माहिती व्हॉट्सॲपवर टाकली की ती गावभर जाते. चौघांच्या घराला १४ दिवसांसाठी उकडे तांदूळ १० किलो, डाळ २ किलो, तेल २ लिटर, कांदे ३ किलो, नारळ ४-५, गूळ, चहा, मीठ हे बहुतेक गट देतात. सुटते ते असे: सुके बांगडे, साबण, सॅनिटरी पॅड, लहान बाळाचे दूध आणि भरलेला गॅस सिलिंडर. घर बंद असते तेव्हा रिकामा सिलिंडर बदलून आणायला कोणी नसते.

ऑनलाइन मीसबद्दल थोडक्यात. नवीन यूट्यूब चॅनलवर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात, म्हणून चॅनल आज उघडून ठेवा. ७२०पी चित्राला अपलोड निदान ५ एमबीपीएस हवा. डाउनलोडचा आकडा बघून फसू नका. दगडी भिंतींत आवाज घुमतो, मोबाईलच्या माइकवर शब्द कळत नाही, तेव्हा चर्चच्या मिक्सरमधून ऑडिओ इंटरफेस लावून आवाज थेट घ्या. रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका, कॉपीराइटचा दावा येतो आणि आवाज बंद होतो. राउटर आणि मिक्सर दोन्ही यूपीएसवर. पावसात वीज कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको.

पण ज्यांना खरी गरज आहे त्या म्हाताऱ्यांकडे साधा फोन असतो. साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवर बहुधा पाच-सहा जण मावतात. रोजरीचे (माळेच्या प्रार्थनेचे) टप्पे पाच. पाच घरांचा एक कॉल, प्रत्येक घराने एक टप्पा म्हणायचा, रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. जो उचलत नाही त्याच्याकडे लगेच शेजारी धाडायचा. प्रार्थनाही होते आणि हजेरीही. खुरसापुढची (क्रॉसपुढची) लादायन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, बंद पडली तरी एवढे बंद पडू देऊ नका.

आजाऱ्याला कम्युनियन द्यायचे तर खोलीत शिरू नका. आपल्या जुन्या घरांना बाल्कांव आहे, तोच वापरा: खुर्च्या दोन टोकांना, दोघांनाही मास्क, पाच मिनिटांत काम आटोपते. सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच होस्तीला (कम्युनियनच्या पवित्र भाकरीला) हात लावायचा. फोनवरून कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) होत नाही, तसे कोणाला सांगू नका. त्यासाठी व्हॅटिकनने २० मार्च २०२० रोजी गंभीर आजाऱ्यांसाठी आणि सामूहिक पापक्षमेसाठी वेगळ्या सूचना काढल्या होत्या; पुढच्या साथीत काय चालेल ते फादर बिशपना विचारून सांगतील. राखेच्या बुधवारी २०२१ मध्ये राख लावतानाचे शब्द सर्वांसाठी एकदाच म्हणून राख डोक्यावर न बोलता शिंपडायची होती. गुड फ्रायडेला खुरसाचे आणि फेस्ताला सांताच्या मूर्तीच्या पायांचे चुंबन घेणे बंद ठेवायचे असेल, तर ते आधीच्या दोन रविवारी सांगा. त्या दिवशी दारात अडवले की माणसे दुखावतात.

जाता जाता एक: सोनेरी मुलाम्याच्या लाकडी आल्तारावर (वेदीवर) कोणालाही जंतुनाशक फवारू देऊ नका. हायपोक्लोराइटने मुलामा आणि चांदी दोन्ही जातात. बाक साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, आल्ताराकडे जाणे बंद ठेवा, आणि पावसातही बाजूची दारे उघडी राहू द्या. हवा खेळणे फवाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचे.

कॉन्सन्ट्रेटर घेणार असाल तर: ५ लिटरवाला साधारण ३५० वॅट ओढतो, म्हणजे घरगुती १५० एएच बॅटरीवर तीनेक तास. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला ५ लिटरने पाच तास. म्हणजे ही दोन्ही साधने रुग्णालयात खाट मिळेपर्यंतची. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, मागचा फिल्टर आठवड्याला धुवायचा. ऑक्सिमीटर लावताना नखाला पॉलिश नको, बोट थंड नको. आकडा ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरला फोन, ९० च्या खाली गेला तर गाडी. वाड्यावर बसून चर्चा करण्याची ती वेळ नव्हे.

दफनभूमीचे मात्र आजच ठरवा, कारण त्यावरच भांडणे होतात. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांत मृतदेहाला स्पर्श, आंघोळ आणि चुंबन यांना मनाई होती. पण कर्मचाऱ्याने पिशवीची चेन उघडून तोंड दाखवणे, बायबल वाचणे आणि पवित्र पाणी शिंपडणे यांना परवानगी होती. हा कागद छापून सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) ठेवा. ‘काहीच करता येत नाही’ असे सांगून घरच्यांना लांब उभे केले गेले तिथे ही माहिती नव्हती एवढेच कारण होते.

दुसरे म्हणजे आपल्याकडे थडगी काही वर्षांनी पुन्हा उघडतात. प्लास्टिकच्या पिशवीतला देह त्या मुदतीत विरत नाही. कोविडमध्ये पुरलेल्या प्रत्येक थडग्याची दफनभूमीच्या रजिस्टरात ‘पिशवी’ अशी नोंद आणि तारीख हवी, थडग्यावर वेगळ्या रंगाची खूण हवी, आणि नेहमीच्या मुदतीला ते उघडायचे नाही. तुमच्याकडे २०२०-२१ ची नोंद नसेल तर त्या घरांकडून आताच करून घ्या. दहन निवडणाऱ्या घराला कोणी टोचून बोलू नये. चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. रक्षा मात्र विखुरायची नाही, घरी ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. दफनभूमीच्या भिंतीत त्यासाठी दोन-चार कोनाडे करून घ्यायला फार खर्च येत नाही.

शेवटी कागद. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळणार होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केलेल्या नियमात चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो घरी झाला तरी धरायचा होता, आणि दाखल्यावर कारण वेगळे पडले असेल तर जिल्हा समितीकडे दाद मागता येत होती. ज्या घरांनी चाचणीचा अहवाल फेकून दिला त्यांना दाद मागायला हातात काही नव्हते. म्हणून वहीत प्रत्येक आजारी घरापुढे सहावा रकाना करा: चाचणीची तारीख, आणि अहवालाची झेरॉक्स वाड्याच्या फाइलमध्ये आली की नाही. झेरॉक्स चर्चच्या खर्चाने काढा, नुसती सूचना दिली तर कोणी काढत नाही.

एफसीआरएच्या चिठ्ठीचा मसुदा हवा असेल तर इथेच विचारा, मराठीत टाकतो.