चुनखडीच्या काळ्या रानात युरिया टाकल्यावर अमोनियाचा उग्र वास का येतो?

कारण युरियाचं मातीत विघटन होऊन अमोनियम बनतं, आणि चुनखडीमुळे अल्कधर्मी झालेल्या मातीत अमोनियम आणि अमोनिया वायू यांचा समतोल वायूच्या बाजूला सरकतो. ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते: अमोनियम ⇌ अमोनिया + हायड्रोजन आयन. अल्क हा हायड्रोजन आयन काढून घेतं, मग ती तूट भरायला आणखी अमोनिया सुटतो. आम्लात नेमकं उलट. २५ अंश सेल्सिअसला सामू (pH, आम्ल-अल्कपणाचं माप) ९.२५ असेल तर दोन्ही निम्मे-निम्मे, ८.२५ ला वायू साधारण ९ टक्के, ७.२५ ला जेमतेम १. म्हणून बेळगाव जिल्ह्यात अथणीकडच्या काळ्या रानात उसाचं नत्र जास्त उडतं, खानापूरच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत कमी. तरी तिथेही युरिया नुसता वर पसरू नका, कारण विघटन होताना तो दाण्याभोवतीचा सामू स्वतःच वाढवतो. मातीआड करा आणि लगेच पाणी द्या.