बेळगाव-खानापूर भागात आफ्रिकी वंशाचे लोक राहतात हे खरं का? त्यांना 'बाहेरून आलेले' म्हणायचं का?

खरं आहे. मी खानापूर तालुक्यातलाच. आमच्याकडे, शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड तालुक्यांत आणि धारवाड जिल्ह्यातही रानाकडेच्या वस्त्यांत सिद्दी राहतात. पण त्यांना 'बाहेरचे' म्हणू नका, असं मी कळकळीने सांगेन.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, नाहीतर १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आणि सिद्दी जौहर. मलिक अंबरही इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. आमच्या रानातल्या सिद्दींची कथा मात्र वेगळी. त्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगिजांनी मोझांबिककडून गोव्यात आणलेले गुलाम. जाच असह्य झाला की माणसं घाट चढून पळत. वर पोर्तुगिजांचा अंमल नव्हता आणि जंगल इतकं दाट की शोधायला येणार कोण? पोर्तुगीज राज्यात गुलामगिरी कायद्याने संपायला १८६९ साल उजाडलं. या देशात त्यांना जबरदस्तीने आणलं, पण या रानात ते स्वतःच्या पायांनी आले, जीव धोक्यात घालून.

आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरात बहुतेकांची कोकणी, बाजारात मराठी आणि कानडी. बायका जुन्या लुगड्यांची, कपड्यांची वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून टाके गोल फिरवत मध्यापर्यंत न्यायचे. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं लावायची. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणतात. काही जणी शेवटचा तुकडा शिवून टाकण्याआधी आत तांदळाचे चार दाणे ठेवतात, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. माझ्या आजीच्या वाकळा आणि या कवंद्या शेजारी ठेवल्या तर कापड तेच, जुनेरंच. मांडणी पाहिली की हात वेगळे आहेत हे लगेच कळतं.

आणि तरीही बेळगावहून सुटलेल्या बसमध्ये मी पाहिलंय: शेजारचा शिकलासवरलेला प्रवासी एका सिद्दी पोराला इंग्रजीत विचारतो, कुठल्या देशाचा? पोरगा म्हणतो, "हल्याळचा की मामा. खिडकी जरा ओढून घ्या, वारं लागूलालंय." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण पिढ्यान्‌पिढ्या हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

सगळ्यात जास्त मला टोचतो तो कागदाचा घोळ. २००३ साली सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या. हल्याळचा सिद्दी जमातीत, आणि त्याचा खानापुरातला मेहुणा जमातीबाहेर! रान एक, सोयरीक एक, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. १९५६ पासून आम्ही सीमाभागातले मराठी लोक हद्दीवरून भांडत आलोय. नकाशावरच्या रेघेने काय होतं हे आम्हाला तरी समजायला हवं होतं. पण आमच्या मोर्च्यांत, भाषणांत या हद्दीचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींचा समावेश थेट २०२० च्या दुरुस्तीने झाला.

मधल्या सतरा वर्षांत काय गेलं, तर नुसत्या शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांतल्या जागा नव्हेत. २००६ चा वनहक्क कायदा बघा. वनजमिनीवर हक्क मिळवायला अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती वनजमीन आपल्या कब्जात होती एवढं दाखवायचं. बाकीच्यांनी मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. म्हणजे खानापूरच्या सिद्दीला २०२० पर्यंत हा दुसरा नियम. ज्यांचे पूर्वज सापडू नये म्हणून रानात शिरले, त्यांच्या नातवंडांकडे पाऊणशे वर्षांचे पुरावे मागायचे! आता दर्जा आहे. त्या काळात कुणाचा दावा ७५ वर्षांच्या अटीवर अडला असेल, तर त्याची पुन्हा तपासणी व्हावी यासाठी ग्रामसभेत आपण मराठी शेजाऱ्यांनीही तोंड उघडलं पाहिजे.