ऐंशीच्या वेगातली गाडी किती अंतरात थांबते?

आपण विचारले आहे की नाशिक–मुंबई रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना पुढच्या गाडीमागे साधारण दोन गाड्या मावतील एवढी जागा सोडली, आणि आपल्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) व चारही चाकांना डिस्क ब्रेक असले, तर तेवढे पुरते का. तसेच गाडी वजनदार असल्यामुळे ती उशिरा थांबते का. मी नाशिकला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा रस्ता माझ्याही नेहमीच्या वापरातला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा वेगळे आहे.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. दोन गाड्यांची जागा फार तर नऊ-दहा मीटर भरते, म्हणजे आपण पुढच्या गाडीपेक्षा अर्ध्या सेकंदानेही मागे नसता. समोरचा लाल दिवा दिसणे, त्याचा अर्थ मेंदूने लावणे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेणे आणि दाबणे, यात सावध चालकाचाही एक ते दीड सेकंद जातो. दीड सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढ्या अंतरात डिस्क ब्रेक काय किंवा एबीएस काय, कशाचाच काही उपयोग नसतो. रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था, तर या कामासाठी अडीच सेकंद गृहीत धरते आणि ८० च्या वेगाला किमान १२० मीटर पुढचे दिसले पाहिजे असे मानते.

ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगले टायर आणि कोरडे डांबर असेल तर गाडीचा वेग सेकंदागणिक सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी करता येतो. या हिशेबाने ६० च्या वेगाला प्रतिसादाचे २५ आणि ब्रेकचे २० मिळून ४५ मीटर लागतात, तर ८० च्या वेगाला ३३ आणि ३५ मिळून जवळजवळ ६९. हा फरक नुसत्या मीटरांत पाहिला तर फारसा वाटत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी तो दुसऱ्या रीतीने मांडायला सांगतो: ६० ने येणारी गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच ठिकाणी ८० ने आलेल्या गाडीचा वेग किती उरलेला असेल? गणित केले की उत्तर ताशी ६६ किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे एकाच्या गाडीला ओरखडाही आलेला नसतो, तेव्हा दुसरा ज्या वेगाने आदळतो तो पहिल्याच्या मूळ वेगाहूनही जास्त असतो.

आता वजनाविषयी. गाडी जड असली की तिची गतिज ऊर्जा वाढते हे खरे, परंतु टायरवरचा भार वाढल्यामुळे रस्त्याकडून मिळणारे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते आणि समीकरणातून वस्तुमान निघून जाते. ब्रेक पुरेसे समर्थ असतील तर छोटी हॅचबॅक आणि आपली मोठी गाडी साधारण सारख्याच अंतरात थांबतात. भरलेला ट्रक उशिरा थांबतो, पण त्याची कारणे वेगळी आहेत: हवेच्या ब्रेकला दाब चाकापर्यंत पोहोचवायला लागणारा क्षणभराचा वेळ, टायरच्या रबराचा प्रकार आणि तापलेले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर.

ओल्या रस्त्यावर उपलब्ध घर्षण जवळपास निम्म्यावर येते आणि ८० च्या वेगाला लागणारे अंतर ९५ मीटरपर्यंत जाते. घोटी-इगतपुरीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना रस्त्यावर पाणी साचणे म्हणजे काय ते सांगायला नको. पावसाळ्यात टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे पकड वाढते, असा सल्ला पेट्रोल पंपावर अजूनही ऐकू येतो. तो उलटा आहे. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. नासाच्या प्रयोगांतून आलेल्या सूत्रानुसार, खाचा झिजलेला टायर ३२ पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजायचे एकक) दाबाला ताशी ९४ किलोमीटरच्या सुमारास तरंगतो आणि २४ पीएसआयला ८२ च्याच सुमारास. एबीएस अशा वेळी चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहते, आणि तेच त्याचे मुख्य काम आहे. सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर उलट वाढूही शकते.

कसारा घाटाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. पाच टक्के उतारावर थांबण्याचे अंतर थोडेच वाढते. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी स्थितिज ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते, ती ८० च्या वेगातल्या गतिज ऊर्जेच्या चौपट असते, मग गाडी हलकी असो वा जड. ही सगळी ऊर्जा ब्रेकवर टाकली तर पॅड तापून पकड सोडतात आणि जुने, पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उकळले तर पेडल पोकळ लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम भौतिकशास्त्राला धरून आहे, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते. इंधन वाचते या समजुतीने न्यूट्रलमध्ये उतरणारे दुहेरी फसतात: इंजिनाची ही मदत जाते आणि इंधनही वाचत नाही, कारण आजचे इंजिन गिअरमध्ये राहून उतरताना इंधनपुरवठाच बंद करते आणि न्यूट्रलमध्ये मात्र सुरू राहण्यासाठी थोडे जाळतच असते.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर मीटरांत मोजत बसू नये, ते सेकंदांत मोजावे. ती एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणावे. हे दोन सेकंद म्हणून होण्यापूर्वी आपण तो खांब ओलांडला तर आपण फार जवळ आहोत. पावसात किंवा घाटात दोनाऐवजी चार सेकंद असू द्यावेत. मध्ये कोणीतरी घुसतोच, ही तक्रार मला मान्य आहे. तो घुसला की पुन्हा मागे राहायचे, याला दुसरा इलाज नाही.

रात्री नुसती ही मोजणी पुरत नाही, कारण पिंपळगाव बसवंतकडे कांदा घेऊन निघालेल्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल आणि रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असेल, तर ती आपल्या डिपर (खाली झुकवलेल्या) दिव्याच्या उजेडात, म्हणजे साधारण ५० मीटरवर, पहिल्यांदा दिसते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ६५ आणि ओल्या रस्त्यावर ५३ च्या वर वेग असल्यास ती दिसल्यानंतर तिच्या अलीकडे थांबता येत नाही.