इक्वलायझरच्या फाइलींची व्यवस्था : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या विंडोज संगणकावर मी आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारे इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर वापरतो. दिवसा कार्यालयाच्या कामासाठी हेडफोन आणि संध्याकाळी गाणे ऐकण्यासाठी टेबलावरचे दोन स्पीकर, असा माझा क्रम आहे. इंटरनेटवरून घेतलेल्या आणि स्वतः तयार केलेल्या सेटिंगच्या फाइली आता इतक्या साचल्या आहेत की कोणती कशासाठी केली होती, हे आठवत नाही. खोलीत डग्ग्याचा आवाज घुमतो म्हणून स्पीकरसाठी केलेली कपात हेडफोनलाही लागू होते आणि तिथे आवाज पोकळ वाटतो. शिवाय गायक तारसप्तकात गेला की आवाज फाटतो. या फाइलींची नीट व्यवस्था कशी लावावी?
एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या तिन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, असे मला वाटते. इक्वलायझर एपीओ सुरू होताना आपल्या कॉन्फिग फोल्डरमधली 'कॉन्फिग' नावाची एकच मुख्य मजकूर-फाइल वाचते. तिच्यातल्या ओळी वरून खाली एकापाठोपाठ लागू होतात आणि फाइल जतन केली की बदल त्याच क्षणी ऐकू येतो. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. ही सोय फार मोलाची आहे. मात्र तिच्यामुळेच आपण चालू फाइलमध्येच प्रयोग करत जातो आणि आधी चांगले काय होते, ते पुसले जाते.

यावर माझा आग्रहाचा सल्ला असा आहे की मुख्य फाइलमध्ये ध्वनीचे एकही सेटिंग लिहू नये. कोणत्या उपकरणासाठी कोणती फाइल वाचायची, एवढेच तिने सांगावे. प्रत्यक्ष कपात (एखादा पट्टा कमी करणे) आणि उठाव (तो वाढवणे) त्या त्या उपकरणाच्या स्वतंत्र फाइलमध्ये असावेत. यासाठी 'डिव्हाइस' आणि 'इन्क्लूड' हे दोन आदेश पुरेसे आहेत. मुख्य फाइलचे रूप साधारण असे होईल (प्रत्यक्ष फाइलमध्ये आदेश रोमन लिपीतच लिहावे लागतात) :

डिव्हाइस: हेडफोन
इन्क्लूड: हेडफोन-काम.टीएक्सटी
डिव्हाइस: स्पीकर
इन्क्लूड: स्पीकर-बैठक.टीएक्सटी

'डिव्हाइस' या ओळीनंतरचे सर्व आदेश पुढची 'डिव्हाइस' ओळ येईपर्यंत फक्त त्या उपकरणालाच लागू होतात. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये उपकरणाचे जे नाव दिसते, त्यातले ओळख पटवणारे शब्द येथे लिहावेत. स्पीकरची कपात हेडफोनला लागू होण्याचे कारण ही ओळ नसणे, एवढेच आहे. उपकरण सांगितले नाही तर सॉफ्टवेअर ज्या ज्या उपकरणावर बसवलेले आहे, त्या सर्वांना सेटिंग लागू होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच उपकरणाखाली दोन फाइली जोडल्या तर दुसरी पहिलीची जागा घेत नाही, दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. पहिल्या फाइलमध्ये 100 हर्ट्झला 4 डेसिबल उठाव आणि दुसरीतही तेवढाच असेल, तर कानावर 8 डेसिबलचा उठाव येतो. इंटरनेटवरून आणलेली फाइल जुनी न काढता तशीच खाली जोडली गेली, की नेमके हेच घडते. जुनी ओळ काढून टाकायची नसेल तर तिच्या सुरुवातीला # हे चिन्ह घालावे, म्हणजे ती ओळ वाचली जात नाही, परंतु नोंद म्हणून राहते.

हेच # चिन्ह माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतले सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तीन-चार टिपा लिहाव्यात : उपकरण कोणते, खोली कोणती, आधार कशाचा (मोजमाप, दुसऱ्याची फाइल की स्वतःचा कान), शेवटचा बदल कधी आणि का केला. 'नवीन', 'नवीन 2', 'शेवटची' अशा नावांच्या फाइलींतून वर्षभराने काहीही उलगडत नाही. 'स्पीकर-बैठक-57हर्ट्झ-कपात' या नावातून मात्र उलगडते. नावे रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवली, तर पुढे दुसऱ्या संगणकावर नेतानाही त्रास होत नाही. नोटपॅडमधून फाइल जतन करताना विंडोज शेवटचे 'डॉट टीएक्सटी' लपवत असेल, तर ते दोनदा लागण्याचा संभव असतो आणि मग 'इन्क्लूड' ओळीला ती फाइल सापडत नाही. म्हणून फाइलचे पूर्ण नाव दिसेल, अशी सेटिंग आधी करून घ्यावी.

आता डग्ग्याच्या घुमण्याविषयी. ही तक्रार आपल्या स्पीकरची कमी आणि खोलीची अधिक असण्याची शक्यता आहे. ठाण्यातल्या इमारतींत 10 फूट बाय 12 फुटांची काँक्रीटच्या भिंतींची खोली अगदी सर्रास आढळते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, त्या वारंवारतेला खोली स्वतःच दाद देते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 347 मीटर धरला, तर 10 फुटांच्या अंतराला ही वारंवारता सुमारे 57 हर्ट्झ येते आणि 12 फुटांना सुमारे 47 हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरी वारंवारता 60 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पहिलीला जवळजवळ चिकटूनच येते. त्यामुळे 57 ते 60 हर्ट्झच्या पट्ट्यात खर्ज फुगतो. यावर त्या जागी अरुंद कपात करावी : 'फिल्टर: ऑन पीके एफसी 58 हर्ट्झ गेन -6 डीबी क्यू 5' अशी एक ओळ सुरुवातीला पुरेशी आहे. तिचा अर्थ, 58 हर्ट्झभोवतीचा पट्टा 6 डेसिबलने कमी करावा. क्यूचा आकडा जितका मोठा, तितका कपातीचा पट्टा अरुंद. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा मायक्रोफोन हाताशी असेल, तर अंदाजाऐवजी मोजून ही ओळ लिहिता येते; त्या सॉफ्टवेअरने काढून दिलेली फिल्टरांची यादी इक्वलायझर एपीओ थेट वाचते. परंतु ज्या वारंवारतांच्या लाटा भिंतींवरून परतून खोलीत एकमेकींना मारून टाकतात, त्यांना उठाव देऊन भरून काढण्याच्या मागे लागू नये. तेथे कितीही उठाव दिला तरी बसण्याच्या जागी फारसा पोहोचत नाही आणि स्पीकरवरचा ताण मात्र वाढतो. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढून पाहणे हा उपाय कोणत्याही फिल्टरच्या आधी करावा.

ही सारी दुरुस्ती खोलीची आहे, म्हणून तिची जागा फक्त 'स्पीकर-बैठक' याच फाइलमध्ये. हेडफोनला खोली नसते.

तारसप्तकातल्या फाटण्याचे कारण बहुधा 'प्रीॲम्प' ही एकूण आवाजाची पातळी ठरवणारी ओळ राहून जाणे हे आहे. डिजिटल ध्वनीला 0 डेसिबल ही वरची मर्यादा असते आणि आजची बरीच ध्वनिमुद्रणे त्या मर्यादेला टेकलेलीच असतात. तुम्ही 3000 हर्ट्झला 5 डेसिबल उठाव दिला, की त्या पट्ट्यातला आवाज मर्यादेबाहेर जातो आणि त्याचे माथे कापले जातात. म्हणून जेवढा सर्वांत मोठा एकूण उठाव, तेवढी घट प्रीॲम्पमध्ये आधी द्यावी. फिल्टर एकमेकांवर चढत असतील तर एकूण उठाव मनाने काढता येत नाही; कॉन्फिगरेशन एडिटरच्या विश्लेषणाच्या चौकटीत 'पीक गेन' हा आकडा दिसतो, तो शून्यावर किंवा शून्याखाली येईपर्यंत प्रीॲम्प कमी करावा. हेडफोनसाठी तयार फिल्टर देणाऱ्या याको पासानेन यांच्या ऑटोईक्यू प्रकल्पातून हेडफोनची फाइल घेतली असेल, तर तिच्या पहिल्याच ओळीत प्रीॲम्पचा ऋण आकडा दिलेला असतो. अनेक जण फक्त फिल्टरांच्या ओळी उचलतात आणि ती ओळ मागे राहते. आपल्या फाइली उघडून हे आधी तपासावे. प्रीॲम्पची ओळ मुख्य फाइलमध्ये न ठेवता ज्या फाइलमध्ये उठाव आहे त्याच फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे एक हलवली की दुसरी आपोआप सोबत जाते.

प्रश्न : मी हौशी नाट्यसंस्थेत पार्श्वसंगीत सांभाळते. तालमीत घरी हेडफोन लावून संगीताचे तुकडे तयार करते आणि प्रयोगाच्या दिवशी तोच लॅपटॉप नाट्यगृहातल्या मिक्सरला जोडते. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात झालेल्या प्रयोगात सर्व संगीत कर्कश ऐकू आले. घरी ते उत्तम वाजत होते. हेडफोनसाठी 'डिव्हाइस' ओळ लिहिलेली होती, तरी असे का झाले?
एक वाचिका, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : कारण 'डिव्हाइस' हा आदेश विंडोजला दिसणारे उपकरण ओळखतो, त्याला पुढे काय जोडले आहे ते त्याला कळत नाही. आपण हेडफोन ज्या खोबणीत लावता, त्याच खोबणीतून मिक्सरची वायर नेली असेल, तर बहुतेक लॅपटॉपवर संगणकाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. हेडफोनमध्ये जी उणीव भरून काढण्यासाठी वरच्या पट्ट्याला उठाव दिला होता, तोच उठाव सभागृहाच्या स्पीकरना मिळाला, आणि त्यांच्यात ती उणीव मुळात नव्हती.

खात्रीचा उपाय म्हणजे नाट्यगृहासाठी यूएसबीवर चालणारे वेगळे साउंड कार्ड ठेवणे. विंडोज त्याला स्वतंत्र नाव देते, त्यामुळे त्याच्यावर इक्वलायझर मुळात बसवायचाच नाही, असे ठरवता येते. ते शक्य नसेल, तर 'सपाट' नावाची एक फाइल करावी, तिच्यात टिपांखेरीज काहीही नसावे, आणि मुख्य फाइलमध्ये हेडफोन आणि सपाट अशा दोन 'इन्क्लूड' ओळी एकाखाली एक ठेवून जी नको तिच्यापुढे # घालावे. नाट्यगृहात पोहोचल्यावर ध्वनीच्या चाचणीपूर्वीचे पहिले काम हेच असावे. सभागृहाचा आवाज जुळवणे हे तेथल्या मिक्सरवर बसणाऱ्या तंत्रज्ञाचे काम आहे आणि त्याला आपल्याकडून अस्पर्शित ध्वनी मिळाला, तरच ते त्याला नीट करता येते.

संगीताचा तुकडा संपादित करताना इक्वलायझर चालू ठेवण्यात आणखी एक धोका आहे. हेडफोनच्या दुरुस्तीचा परिणाम फक्त ऐकण्यावर होतो, निर्यात केलेल्या फाइलवर नाही. हे योग्यच आहे, परंतु संपादनाचे सॉफ्टवेअर विंडोजची नेहमीची ध्वनियंत्रणा टाळणाऱ्या एएसआयओ मार्गाने किंवा वासापीच्या एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये आवाज देत असेल, तर इक्वलायझर एपीओ त्या वाटेवर लागूच होत नाही. मग एका सॉफ्टवेअरमध्ये एक आवाज आणि दुसऱ्यात दुसरा, असे होऊन आपला निर्णय चुकतो. आपण कोणता मार्ग वापरता, ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एकदा पाहून ठेवावे.

प्रश्न : विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर इक्वलायझरचा परिणामच होईनासा झाला. फाइली जागच्या जागी आहेत. पुन्हा सर्व तयार करावे लागेल का?
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : नाही, फाइलींना हात लावू नये. इक्वलायझर एपीओ विंडोजच्या ध्वनियंत्रणेत त्या त्या उपकरणापाशी नोंदवलेला असतो. अपडेटमध्ये किंवा ध्वनीचा ड्रायव्हर नव्याने बसल्यावर ती नोंद पुसली जाऊ शकते. सॉफ्टवेअरसोबत येणारा उपकरण निवडण्याचा प्रोग्राम उघडावा (जुन्या आवृत्तीत त्याचे नाव कॉन्फिगरेटर असे आहे), आपल्या उपकरणापुढे पुन्हा खूण करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यूएसबीचे उपकरण दुसऱ्या खोबणीत लावल्यावरही असाच प्रकार होऊ शकतो, कारण विंडोज त्याला नवे उपकरण समजून नावापुढे आकडा लावते. तेव्हा 'डिव्हाइस' ओळीतले नावही जुळते आहे ना, ते पाहावे.

कॉन्फिग फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या आत असल्याने कागदपत्रांच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये तो सहसा येत नाही. त्याची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मजकुराच्या फाइली असल्याने जागा नगण्य लागते. गिट हे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर प्रत्येक बदलाची नोंद कारणासह राहते आणि कोणत्याही जुन्या स्थितीवर परतता येते. इक्वलायझर एपीओची सेटिंग माउसने करू देणारा 'पीस' हा जोडप्रोग्राम वापरत असाल, तर तो स्वतःची फाइल स्वतः लिहितो आणि तिच्यात हाताने केलेले बदल टिकत नाहीत, म्हणून हाताने लिहिलेल्या फाइली त्याच्यापासून वेगळ्या नावाने ठेवाव्यात.

प्रश्न : मी लिनक्सकडे वळतो आहे. इक्वलायझर एपीओच्या फाइली तेथे चालतील का?
एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : काही अंशी चालतील. लिनक्सवरच्या ईझीइफेक्ट्स या ध्वनी-सॉफ्टवेअरच्या इक्वलायझरमध्ये एपीओच्या फाइली आत घेण्याची सोय आहे आणि तो प्रीॲम्प व फिल्टर यांच्या ओळी वाचतो. त्यानंतर तो आपली नोंद जेसन या मजकूर-स्वरूपात स्वतंत्रपणे ठेवतो, म्हणजे पुढचे बदल मूळ फाइलमध्ये उमटत नाहीत. उपकरणानुसार फाइल निवडण्याचे काम 'डिव्हाइस' आणि 'इन्क्लूड' यांच्या ओळींतून येथे होणार नाही. ते ईझीइफेक्ट्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, कोणते उपकरण जोडल्यावर कोणता संच लागावा, हे सांगून करावे लागते. म्हणून स्थलांतरापूर्वी प्रत्येक उपकरणाची फाइल सुटी करून घ्यावी आणि एकेक फाइल आत घेऊन प्रत्येक वेळी ओळखीचे एखादे ध्वनिमुद्रण दोन्ही ठिकाणी ऐकून पाहावे. कन्व्होल्यूशनची (खोलीची किंवा उपकरणाची नोंदलेली छाप आवाजावर लावण्याची) ध्वनिफाइल वापरत असाल, तर तिचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले तो आकडा, आणि नव्या यंत्रणेचा सॅम्पल रेट (उदाहरणार्थ 44100 किंवा 48000 हर्ट्झ) जुळतो का, तेही तपासावे.