‘पाऊस कधी पडणार ते सांग, म्हणजे झालं!’

मी नाशिकला करिअर समुपदेशन करते. जून उजाडला की कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘मॅडम, क्लायमेटमध्ये एम.एस्सी. केलंय, आता पुढे काय?’ कधी मुलगी विचारते, कधी तिचे वडील, एकदा तर आजोबा विचारायला आले होते. पाच-सहा वर्षांपूर्वी असं वर्षाकाठी एखादं यायचं. आता मी मोजणं सोडून दिलं आहे. म्हणून शलाकाची गोष्ट लिहिते. नाव बदललं आहे, गाव सांगत नाही. निफाड तालुका, एवढं पुरे. बापलेक दोघांनीही लिहायला परवानगी दिली आहे.

शलाका पहिल्यांदा आली ती लॅपटॉप छातीशी धरून. उघडून दाखवला तर आत भला मोठा तक्ता. त्रेचाळीस जाहिराती, हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांत. हिरव्या फक्त चार, त्यातल्या तीन दिल्लीच्या.

‘बाकीच्यांत काय अडतं?’

‘कुठे इंजिनिअर हवा, कुठे तीन वर्षांचा अनुभव. माझ्या डिग्रीचं नाव एकाही जाहिरातीत नाही, मॅडम.’

हवामान खात्याचाही विचार तिने करून झाला होता. २०२२ च्या सायंटिफिक असिस्टंट भरतीत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवे होते. हिने दहावीनंतरच गणिताला रामराम ठोकलेला, पदवी वनस्पतिशास्त्राची. गावाकडचं दुखणं आणखी वेगळं. ‘घरी गेलं की काका म्हणतात, पाऊस कधी पडणार ते सांग, म्हणजे झालं! मी तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या शिकले, त्यांना उद्याचं हवंय.’ ती हसली, पण डोळे भरले होते.

इथे माझं चुकलं. मी तिच्या तक्त्यात आणखी डझनभर जागांची भर घातली. पुढच्या भेटीत तक्ता पंचावन्नावर पोचला होता आणि पोरीचा चेहरा पार उतरला होता. अठरा वर्षं हे काम करते, तरी समोरचा घाबरलेला दिसला की हात आपोआप यादीकडे जातो. यादी दिली की काहीतरी दिल्यासारखं वाटतं, आपल्यालाच.

कल चाचण्यांवर माझी फारशी भिस्त नाही. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही, असू दे. कोणी न सांगता माणूस काय करत बसतो, ते बघावं, असं माझं मत आहे. शलाकाला तसं विचारलं तर म्हणाली, ‘काहीच नाही.’ मग तिसऱ्या भेटीला मी वडिलांना सोबत आणायला सांगितलं.

वडील आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. माझ्याकडून निघून पुढे विम्याची तक्रार द्यायला जायचं होतं त्यांना. बसल्या बसल्या म्हणाले, ‘मॅडम, साधं औषध मारायचं तरी आम्ही आधी विचारतो, उपयोग काय. हिला दोन वर्षं पुण्यात ठेवली. उपयोग काय, तेवढं सांगा.’

मी म्हटलं, ‘सांगते. पण आधी पिशवीत काय आहे?’

फळपीक विम्याचे कागद. ऑक्टोबरमध्ये छाटलेली द्राक्षबाग, पुढे अवेळी पावसाने झोडपली, घडांत पाणी साचून मणी कुजले. शेजारच्या महसूल मंडळात भरपाई मिळाली, यांना दमडी नाही. ‘आमच्यावर काय गुलाबपाणी शिंपडलं होतं का?’ त्यांचा आवाज चढला.

तोपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलेली शलाका वळली. माझ्या टेबलावरचं पॅड तिने न विचारता ओढलं आणि एक वाकडीतिकडी रेघ काढली. ही गोदावरी. एक ठिपका, हे मंडळाचं गाव, इथे हवामान केंद्र. दुसरा ठिपका नदीपलीकडे, ही आपली बाग.

‘पप्पा, हा विमा तुमच्या बागेतला पाऊस मोजतच नाही. या केंद्रावर किती पडला तेच मोजतो. त्या दिवशी पाऊस पट्ट्यात आला. आपल्याकडे धो धो, केंद्रावर चार थेंब. त्यांच्या हिशेबात तुमचं नुकसान झालंच नाही.’

‘मग तक्रार करून काय फायदा?’

‘नुसतं नुकसान झालं म्हणून लिहिलंत तर नाही. केंद्राची त्या दिवसांची नोंद मागा. यंत्र बंद होतं का, मधल्या नोंदी गाळल्यात का, ते विचारा. आणि गारपिटीचं जादा संरक्षण वेगळं असतं, त्यात पंचनामा आपल्याच बागेत होतो. तुम्ही ते घेतलंच नव्हतं. हे बघा, इथे हप्ता कोरा आहे.’

वडील कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मग पोरीकडे बघितलं. ‘हे इतके दिवस का नाही बोललीस?’

‘तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त नोकरीचं विचारता.’

खोलीत कोणी काही बोलेना. मीही मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी तोंड बंद ठेवणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती मला जमते, असं म्हणायला हरकत नसावी. दोनेक मिनिटांनी वडीलच म्हणाले, ‘ते चित्र मला द्या.’ पॅडवरचा कागद त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला.

‘काहीच करत नाही’ म्हणणारी ही मुलगी दहा मिनिटांत मोजमाप कुठे होतं आणि नुकसान कुठे होतं यातलं अंतर शोधून, ज्याचं नुकसान झालं त्याच्याच भाषेत त्याला सांगून मोकळी झाली होती. विमा कंपन्यांत, त्यांना आकडे पुरवणाऱ्या कंपन्यांत माणसं याच कामाचा पगार घेतात. फक्त त्या पदांच्या नावात ‘क्लायमेट’ नसतं, म्हणून तिच्या तक्त्यात ती लाल रंगात पडली होती.

आता मी सगळ्यांनाच आधी विचारते, हवामानामुळे कोणाचा हिशेब बिघडतोय? आपल्या जिल्ह्यात तरी उत्तरासाठी लांब जावं लागत नाही. अंबड-सातपूरमध्ये नट-बोल्ट करून युरोपला पाठवणाऱ्या कारखान्यांचं बघा. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनचा कर आणला. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष पैशाचा मामला सुरू झाला. तिकडचा गिऱ्हाईक विचारतो, या बोल्टामागे किती कोळसा जळला? कारखान्याचा अकाउंटंट विजेचं बिल दाखवतो आणि डोकं खाजवतो. त्या दोघांच्या मधली खुर्ची बहुतेक ठिकाणी रिकामी आहे.

मोठ्या कंपन्यांत ती भरू लागली आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून शाश्वततेचा (पर्यावरण आणि समाजाबाबत कंपनी काय करते त्याचा) अहवाल सक्तीचा केला. पण तिथलं सुरुवातीचं काम म्हणजे दिवसभर एक्सेल आणि प्लांटवाल्यांच्या मागे आकड्यांसाठी फोन. पृथ्वी वाचवायला निघालेली मुलं सहा महिन्यांत कंटाळतात. हे आधी सांगितलेलं बरं.

सरकारी प्रकल्पांतही काम आहे, पण बहुधा कंत्राटी. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यात सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पासारख्या ठिकाणी गावपातळीचा अनुभव जबरदस्त मिळतो. प्रकल्प संपला की मात्र पुन्हा शोध सुरू. संशोधनाची खरी ओढ असेल तर पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था जवळच आहे. पर्यावरणशास्त्रात नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षाही देता येते. पण ‘आता काही सुचत नाही’ म्हणून पीएच.डी. कराल, तर तोच प्रश्न पाच वर्षांनी घेऊन माझ्याकडे याल. असे दोघे आले आहेत.

शलाकाला मी गृहपाठ दिला. तक्ता बंद. आठवड्यात तीन माणसांना भेटायचं, नोकरी मागायची नाही, एकच विचारायचं, ‘गेल्या वर्षी हवामानामुळे तुमचं काय बिघडलं? आधी कळलं असतं तर काय केलं असतं?’ ती लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याला, अंबडच्या एका अकाउंटंटला आणि पीककर्ज बघणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याला भेटली. व्यापाऱ्याने तिला कांदा साठवायच्या चाळीत नेऊन सडलेला कांदा हातात दिला. ‘वास दोन दिवस गेला नाही,’ ती म्हणाली, पण किती उत्साहाने सांगत होती!

मग तिने एक पान लिहिलं, मराठीत. हवामान खात्याच्या पावसाच्या रोजच्या नोंदी १९०१ पासून अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींत फुकट मिळतात. एक चौकट साधारण सत्तावीस किलोमीटरची. त्यातल्या शेवटच्या तीस वर्षांचा जानेवारी ते मार्चचा पाऊस तिने आपल्या तालुक्यासाठी काढला, आणि चौकटीत जे दिसत नाही तेही लिहिलं. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सिन्नरचा पूर्व भाग टँकरची वाट बघतोय, अशा जिल्ह्यात सरासरी किती फसवी असते, ते चार ओळींत. पायथॉन, म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा, तिने कॉलेजात कुरकुरत शिकली होती, इथे हौसेने वापरली. तिला मुलाखतीचं बोलावणं आलं ते डिग्रीपेक्षा या पानामुळे, असं मी छातीठोकपणे म्हणते.

पुण्यात पीकविम्याचे आकडे तपासणाऱ्या एका कंपनीत ती लागली, अकरा महिन्यांच्या करारावर. विम्याच्या तक्रारीचा निकाल अजून लागलेला नाही. डिसेंबरात वडिलांचा फोन आला. निफाडला पारा घसरला होता, बागेत मणी तडकायची भीती. ‘रात्री साडेआठला फोन करते हो. म्हणते, पप्पा, आज शेकोट्या पेटवा. कालच्या रात्री म्हणाली, आज नका पेटवू, सरपण वाचवा. नाही पेटवल्या.’

‘मग?’

‘काही नाही झालं बागेला.’ थोडं थांबून म्हणाले, ‘पण मॅडम, ही कायम कधी होणार, ते तेवढं तिला विचारा. मी विचारलं की चिडते.’