मॅडम, या गोळ्यांनी म्हातारपण लांबतं का?

साठी ओलांडलेली माणसं शुगर-बीपीच्या तक्रारींबरोबर हल्ली हाही प्रश्न घेऊन येतात. आहार समुपदेशक म्हणून मी याचं उत्तर कधी एका वाक्यात देत नाही. का, ते पुण्यातल्या सहकारनगरच्या एका काकांवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काका ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरणारे. येताना कापडी पिशवीत चार बाटल्या घेऊन आले: रेझवेराट्रॉल, एनएमएन (पेशींना ऊर्जेसाठी लागणारं एक रसायन वाढवण्यासाठी घेतात ते), मिरीचा अर्क घातलेलं हळदीतलं कर्क्युमिन आणि ग्रीन टीचा अर्क. मुलानं अमेरिकेहून पाठवलेल्या. "यानं सर्टुइन जागे होतात म्हणे. उपाशी राहिल्यानंही होतात, म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलंय. नुसतं सूप घेतो," ते उत्साहानं सांगत होते. शेजारी बसलेल्या काकू एवढंच म्हणाल्या, "मॅडम, यांच्या सगळ्या पँटी कमरेत आवळून आणल्यात मी."

काकांचं वाचन खोटं नव्हतं. सर्टुइन ही आपल्या पेशींतली प्रथिनं. माणसात त्यांचे ७ प्रकार आहेत. डीएनएची दुरुस्ती आणि ऊर्जेचा वापर यांत त्यांचा हात असतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेनं यीस्टमध्ये अशा प्रथिनाचं एक जनुक जास्तीचं घातलं, तर यीस्टचं आयुष्य वाढलं. २००३ मध्ये लाल द्राक्षांच्या सालीत आणि शेंगदाण्यात सापडणाऱ्या रेझवेराट्रॉलनंही यीस्टमध्ये तसंच घडतं असं दिसलं, आणि एकच गाजावाजा झाला. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीनं २००८ मध्ये यावर काम करणारी एक कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली.

पुढचं मात्र बाटलीवर कुणी छापत नाही. चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांना रेझवेराट्रॉलचा फायदा झाला; साधं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्यानं वाढलं नाही. कर्क्युमिननंही उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. इटलीतल्या कियांती भागात ६५ च्या पुढच्या ७८३ जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ज्यांच्या आहारातून रेझवेराट्रॉल जास्त जात होतं, ती माणसं जास्त जगली नाहीत. ग्लॅक्सोनं विकत घेतलेल्या त्या कंपनीचं वेगळं कार्यालयही तोवर बंद झालं होतं.

काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग शर्टाची बाही वर सरकली आणि मला त्यांच्या हातावरचे काळेनिळे डाग दिसले. "कुठे आपटलात?" "नाही हो, आपोआपच येतात." त्यांना स्टेंट टाकलेला होता. रक्त पातळ ठेवायची दोन औषधं चालू होती, आणि या बाटल्यांबद्दल त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. "वनस्पतीच तर आहे, ते कुठे औषध?" असं त्यांचं म्हणणं. रेझवेराट्रॉल आणि कर्क्युमिन मोठ्या मात्रेत रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. आतड्यात आणि यकृतात इतर औषधं मोडली जातात, त्या कामात मिरीचा अर्क अडथळा आणतो आणि त्यामुळे रक्तातलं त्यांचं प्रमाण बदलू शकतं. ग्रीन टीच्या अर्कानं क्वचित यकृताला इजा होते. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी चारही बाटल्या बंद करायला सांगितल्या आणि काकांना तपासायला बोलावून घेतलं.

मग मी काकांना हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळेला हात आपोआप गुडघ्यावर गेला. रोज टेकडी चढणारा माणूस! इतक्या वेळात पहिल्यांदाच ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. माझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच."

खरी काळजी ही होती, आणि ती अगदी रास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना शंभरी गाठायची नसते, त्यांना आपल्या पायांवर राहायचं असतं. वय वाढतं तशी पायातली ताकद जाते. त्यात उपाशी राहिलं की स्नायू आणखी झिजतात. पेशींची डागडुजी करणारी यंत्रणा व्यायामानंही हलते. ऑटोफॅजी हा तिचाच एक भाग: पेशी आपलाच कचरा मोडून पुन्हा वापरतात. त्यावरच्या कामासाठी जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

काकांचं वजन ६० किलो. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशोब डॉक्टरांना विचारूनच. काकांचे रिपोर्ट बरे होते, तरी खाण्यातून जेमतेम ३५ ग्रॅम जात होते. म्हणून रात्रीचं जेवण परत सुरू केलं, पण लवकर, साडेसातला: भाकरी, मुगाची घट्ट उसळ, दही. सकाळी दोन अंडी, चार वाजता मूठभर शेंगदाणे. टेकडीच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्टकडे ताकदीचे व्यायाम.

उठता उठता काकूंनी विचारलं, "आमटीतली हळद बंद करायची का?" अजिबात नाही. फोडणीतली चिमूटभर हळद आणि अर्काची कॅप्सूल यांच्या मात्रेत फार अंतर आहे. हळद, आवळा, डाळिंब, हिरव्या भाज्या ताटात राहू द्यात.

तीन महिन्यांनी काका हात न टेकता पाच वेळा उठले. हातावर नवे डाग नव्हते. मुलाला त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, पुढच्या वेळी बाटल्या नकोत, व्यायामाचे रबरी पट्टे पाठव.